फितीची गाठ

गेल्या नाताळची गोष्ट. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आम्ही घरी परतलो, केक आणि वाईन झाली, पाहुणेमंडळी झोपी गेली, आणि मी व माझी धाकटी मुलगी असे दोघेच ओट्यावर बसून राहिलो. ती मुंबईतल्या एका बड्या सल्लागार कंपनीत अधिकारी आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत मला एकूण जेवढा पगार मिळाला, त्याहून अधिक रक्कम तिला दर महिन्याला मिळते. साहजिकच नात्यागोत्यात तिचे कौतुक होते आणि त्या कौतुकाचा थोडा उजेड आम्हा आईवडिलांवरही पडतो.

बराच वेळ ती गोठ्याजवळच्या कंदिलाकडे पाहत होती. मग म्हणाली, "पप्पा, उद्यापासून मी कामावर गेले नाही ना, तर कुणाचंही काही अडणार नाही. काम बंद पडलंय हे लोकांच्या लक्षात यायलाच महिना लागेल."

मला वाटले, पोरगी दमली आहे. तसे बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "दमले असते तर झोपून उठल्यावर बरं वाटलं असतं. मला नोकरी सोडून बी.एड. करायचंय. शाळेत गणित शिकवायचंय. तुम्ही काय म्हणता?"

मी काहीच म्हटले नाही. सकाळी बोलू, असे सांगून उठलो. तथापि त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तिने जे सांगितले, ते मी एकतीस-बत्तीस वर्षांपूर्वी स्वतः अनुभवले होते आणि आजतागायत घरात कुणालाही सांगितले नव्हते.

१९८६ साली मी फोर्टमधल्या एका खाजगी कंपनीच्या मुख्य कचेरीत लागलो. वसईहून सकाळची गाडी, चर्चगेटहून चालत कचेरी, आणि रात्री पुन्हा तोच प्रवास उलट दिशेने. माझे काम असे होते की, कंपनीच्या चौदा शाखांकडून येणारे आकडे एकत्र करून दर महिन्याला एक आढावा तयार करायचा. त्याच्या तीन प्रती टंकलिखित करून घ्यायच्या, लाल फितीने बांधायच्या आणि तीन अधिकाऱ्यांकडे धाडायच्या. हे काम मी मन लावून करीत असे. एखाद्या शाखेच्या बेरजेत सात रुपयांची तफावत आली, तर ती सापडेपर्यंत मला चैन पडत नसे.

१९९३ च्या पावसाळ्यात कचेरीत रंगकाम निघाले आणि जुनी कपाटे हलवावी लागली. त्या वेळी तीनपैकी एका अधिकाऱ्याच्या कपाटात मला माझे आढावे दिसले. एकावर एक, नीट रचलेले, साडेचार वर्षांचे. फीत बांधताना शेवटी एक दुहेरी गाठ मारायची माझी सवय आहे. लहानपणी वडिलांबरोबर केळीची पाने बांधताना लागलेली. त्या प्रत्येक गठ्ठ्यावर माझी ती गाठ जशीच्या तशी होती. एकही आढावा कुणी सोडून पाहिला नव्हता.

मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेलो. माणूस सज्जन होता. त्याने मला बसवले, चहा मागवला आणि शांतपणे सांगितले, "हे बघ, तू आढावा करतोस म्हणून आपला विभाग आहे. विभागात नऊ माणसं आहेत म्हणून मी विभागप्रमुख आहे. मी आहे म्हणून माझ्यावरचे साहेब तीन विभागांचे साहेब आहेत. तू आढावा करत राहा." पुढच्या एप्रिलमध्ये माझा पगार वाढला. ती वाढ पाहून मला आनंद झाला नाही, असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून मी घरी कचेरीच्या गोष्टी सांगणे बंद केले.

माझ्या बालपणी आमच्या वाडीतल्या बावखलावर रहाट होता. बैल तासन् तास एकाच वर्तुळात फिरे. मला त्याची दया येई. एकदा वडिलांना तसे म्हणालो, तर त्यांनी मला हाताला धरून पाटाच्या कडेने केळीपर्यंत नेले आणि आळ्यात शिरणारे पाणी दाखवले. पुढे विजेचा पंप आला आणि रहाट गेला. पण १९९३ नंतर गाडीच्या गर्दीत उभ्याउभ्या मला तो बैल वारंवार आठवू लागला. फिरत तर मीही होतो. माझ्या फेऱ्यांनी कुठल्या आळ्यात पाणी जात होते, ते मात्र मला कुणी दाखवू शकत नव्हते.

आता प्रश्न असा की, असे घडतेच कसे? सरकारी कचेरीत माणसे रिकामी बसतात, हा आपल्याकडचा जुना विनोद आहे. परंतु नफ्यासाठी चालणारी कंपनी, जी पेन्सिलींचाही हिशेब ठेवते, ती कुणालाही नको असलेल्या कामासाठी भरघोस पगार का देते? निवृत्तीनंतर या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आणि मी जमेल तसे वाचत गेलो.

या प्रश्नाचा पहिला गमतीदार, पण गंभीर उलगडा सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने १९५५ साली 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात केला. हाती जेवढा वेळ असेल तेवढे काम फुगत जाते, हा त्याचा नियम. त्याने ब्रिटिश नौदलाचे आकडे दिले. १९१४ मध्ये सेवेतल्या मोठ्या युद्धनौका ६२ होत्या. १९२८ मध्ये त्या २० उरल्या. त्याच काळात नौदल कचेरीतले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजे कमी झाली आणि जहाजांचे कागद लिहिणारे वाढले. कारण प्रत्येक अधिकाऱ्याला प्रतिस्पर्धी नको असतो, हाताखालची माणसे हवी असतात. आणि ती माणसे एकमेकांसाठी काम निर्माण करतात. आमचे विभागप्रमुख चहा पीत जे बोलले, ते याहून वेगळे नव्हते.

दुसरा माणूस डेव्हिड ग्रेबर. हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लंडनमध्ये प्राध्यापक होता. २०२० साली तो वारला. २०१३ मध्ये त्याने एक छोटा लेख लिहिला आणि २०१८ मध्ये त्याच विषयावर पुस्तक. अशा नोकऱ्यांसाठी त्याने वापरलेला शब्द कौटुंबिक नियतकालिकात छापण्याजोगा नाही. आपण 'निरर्थक नोकऱ्या' म्हणू. त्याची व्याख्या नेमकी आहे. काम कष्टाचे, घाणीचे किंवा कमी पगाराचे असणे म्हणजे निरर्थक नव्हे. जे काम करणाऱ्यालाच त्याचा उपयोग सांगता येत नाही, आणि तरीही उपयोग असल्याचा आव आणावा लागतो, ते निरर्थक. अशा नोकरदारांचे त्याने पाच प्रकार केले. माझ्या शब्दांत सांगायचे तर, साहेबाची शोभा वाढवणारे हुजरे. दुसऱ्या कंपनीने ठेवले म्हणून आपणही ठेवावे लागणारे दांडगे. मूळ दोष दुरुस्त न करता त्यावर ठिगळे लावणारे. काम झाल्याचे दाखवण्यासाठी रकाने भरणारे. आणि ज्यांना देखरेखीची गरज नाही त्यांच्यावर नेमलेले मुकादम. मी चौथ्या प्रकारातला. पुस्तकात स्वतःचे छायाचित्र सापडावे, तसे मला झाले.

ग्रेबरने आपल्या लेखाची सुरुवात जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञाच्या भाकितापासून केली होती. यंत्रांची प्रगती पाहता शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, असे केन्सने १९३० साली लिहिले होते. शंभर वर्षे आता भरत आली. यंत्रे केन्सच्या कल्पनेपलीकडे गेली, पण आमची मुले रात्री दहालाही संगणकापुढे बसलेली दिसतात. वाचलेले तास गेले कुठे? ग्रेबरचे उत्तर असे की, आधुनिक कंपनी वरवर बाजारासारखी दिसली तरी आतून ती जुन्या सरंजामासारखी चालते. पैसा एका जागी गोळा होतो आणि तो वाटताना धनी आपल्याभोवती पदरी माणसे बाळगतो. ज्याच्या पदरी अधिक माणसे, तो मोठा.

बरे, काम निरर्थक, मग पगार मोठा का? अर्थशास्त्राचा जनक ॲडम स्मिथ याने १७७६ सालीच पाणी आणि हिरा यांचे कोडे घातले होते. पाण्यावाचून जगता येत नाही, पण त्याला मोल नाही. हिऱ्यावाचून काही अडत नाही, पण त्याला मोठे मोल. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याची उकल केली ती अशी की, किंमत ही एकूण उपयोगावर ठरत नाही. आणखी एका मापाची गरज किती आणि ते मिळणे किती दुर्मिळ, यावर ठरते. माणसाच्या श्रमाचेही काहीसे असेच होते. भाजी पिकवणारे पुष्कळ, म्हणून भाजी पिकवणारा स्वस्त. शिवाय जो पैशाच्या प्रवाहाच्या जवळ उभा असतो, त्याची ओंजळ लवकर भरते. स्मिथने आणखी एक गोष्ट सांगितली होती. जे काम माणसाला नकोसे वाटते, त्यासाठी अधिक मोबदला मोजावा लागतो. त्याच्या मनात खाटीक आणि फाशी देणारा यांच्यासारखे धंदे होते. पण कधी कधी मला वाटते, माझ्या पगारातला एक हिस्साही अशाच नुकसानभरपाईचा होता. मी दिवसभर स्वतःला फसवत होतो, त्याचे ते मोल.

उपयोग आणि पगार यांची फारकत कधी कधी संपाच्या वेळी उघडी पडते. फेब्रुवारी १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या सफाई कामगारांनी काम थांबवले. नऊ दिवसांत रस्त्यावर सुमारे एक लाख टन कचरा साचला आणि शहर हवालदिल झाले. आयर्लंडमध्ये १९७० साली मे ते नोव्हेंबर असे सुमारे साडेसहा महिने बँका बंद होत्या. तरीही व्यवहार चालू राहिले. लोक एकमेकांचे धनादेश स्वीकारीत, ते हातोहात फिरत, आणि कुणाची पत किती याची खात्री गावातला दुकानदार आणि गुत्तेवाला देत असे. यावरून बँका नकोत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ते धनादेश पुढे बँका उघडणार या भरवशावरच फिरत होते. पण नऊ दिवस आणि साडेसहा महिने यांतला फरक विचार करायला लावतो.

असाच एक संप नसलेला संप आपणही पाहिला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि आमची लोकल थांबली. १५ जून २०२० ला ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा तीत केवळ अत्यावश्यक सेवेतल्यांना प्रवेश होता. माझी बहीण महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका. ती गळ्यात ओळखपत्र अडकवून गाडीत चढू शकत होती. माझा धाकटा भाऊ वाडी करतो. त्याची भाजी टाळेबंदीतही टेम्पोतून जात राहिली, कारण लोकांना जेवायचे होते. आमच्या घरात सर्वांत अधिक पगार घेणारी माझी मुलगी मात्र वरच्या खोलीत संगणक उघडून बसे आणि कोण वाचणार हे ठाऊक नसलेले अहवाल तयार करी. तिघांची मिळकत एका बाजूला आणि तिघांचा उपयोग दुसऱ्या बाजूला लिहिला, तर दोन याद्या नेमक्या उलट येत होत्या. आत्या रात्रपाळी करून आली की पोरीची मान खाली जाई. त्याचा अर्थ मला तेव्हा उमगला नाही. खरे म्हणजे मी तो उमगू दिला नाही.

येथे न्यायासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका पाहणीत ३७ टक्के नोकरदारांनी, आपल्या कामाने जगाला काही अर्थपूर्ण लाभ होत नाही, असे सांगितले आणि ग्रेबरने त्यावर बराच भर दिला. परंतु रॉबर्ट डूर आणि मॅक्स व्हॅन लेंट या अर्थतज्ज्ञांनी ४७ देशांतल्या सुमारे एक लाख कामगारांची उत्तरे तपासली, तेव्हा आपले काम समाजाला निरुपयोगी आहे असे म्हणणारे ८ टक्केच निघाले. आणखी १७ टक्के साशंक होते. युरोपातल्या आकड्यांवरून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले आणि त्यातून एक वेगळीच गोष्ट पुढे आली. जिथे वरिष्ठ आदराने वागवत नाहीत, स्वतःच्या बुद्धीने काही करू देत नाहीत, तिथे माणसाला आपले काम निरर्थक वाटू लागते. म्हणजे दोष प्रत्येक वेळी कामातच असतो असे नाही. कधी तो काम करवून घेणाऱ्यात असतो. शिवाय मोठ्या यंत्रातल्या एका चाकाला संपूर्ण यंत्र दिसत नाही, हेही खरे. रहाटाच्या बैलाला केळी कुठे दिसत होती?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी जे परिपत्रक काढले, त्याचा आशय असा की, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. आणि कामाची प्रतिष्ठा ते काम कोणते यावर नव्हे, तर ते करणारा मनुष्य आहे यावर प्रथम अवलंबून असते. एके काळी मी या विचाराचा आधार घेऊन स्वतःची समजूत काढीत असे : मी माणूस आहे, प्रामाणिकपणे बेरजा करतो, म्हणून माझे कामही प्रतिष्ठेचे आहे. आज वाटते, मी तो विचार सोयीने अर्धाच घेतला. माणूस मोलाचा आहे, म्हणूनच तर त्याची तीस-पस्तीस वर्षे न सोडलेल्या गाठींवर खर्च होऊ नयेत.

१९९७ मध्ये मला एक संधी आली होती. जवळच्या शाळेत शिक्षकाची जागा निघाली. बी.एड. मी नोकरीपूर्वीच केले होते. मुख्याध्यापकांनी घरी येऊन विचारले. पगार निम्म्याहून कमी. मुले आठ आणि पाच वर्षांची, घराचे बांधकाम अर्धवट, कर्ज डोक्यावर. मी आठवडाभर विचार केला आणि नाही म्हणालो. पत्नीला सांगितले, "मुख्य कचेरीचं काम मध्येच सोडता येणार नाही, फार महत्त्वाचं आहे." तिने ते खरे मानले. माझ्या आयुष्यात मी जी काही असत्ये बोललो, त्यांत हे मला सर्वांत अधिक बोचते.

पण त्या निर्णयाला केवळ चूक म्हणणेही मला जमत नाही. माझ्या त्या पगारातूनच घरावर स्लॅब पडला. बहिणीच्या परिचारिका प्रशिक्षणाचा खर्च त्यातूनच झाला होता. भावाच्या वाडीतला दुसरा पंप त्यातूनच आला. म्हणजे पाणी आळ्यात गेले. फक्त ते माझ्या फेऱ्यांनी नव्हे, माझ्या पगाराने गेले. या हिशेबात मी नफ्यात की तोट्यात, हे मला आजही ठरवता येत नाही. निरर्थक नोकरी करणारा प्रत्येक जण मूर्ख किंवा लोभी असतो, असे समजणाऱ्यांनी त्याच्या घरातल्या खाणाऱ्या तोंडांची संख्या आधी विचारावी.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलीला आणि तिच्या आईला समोर बसवले आणि फितीच्या गाठीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. १९९७ ची गोष्टही सांगितली. पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "मला सांगितलं असतं, तर मी शाळाच घे म्हटलं असतं." त्यावर मला उत्तर नव्हते.

मुलीला मी सल्ला दिला नाही. फक्त म्हणालो, "मी जे केलं नाही ते तू करून बघ. साहेबाला विचारून तुझे अहवाल तीन महिने थांबव. कोण मागतं ते पाहा."

तिने ते केले. तिचा साहेब तरुण आणि उमदा. त्याने हसत परवानगी दिली. ती दर महिन्याला अकरा अहवाल काढत असे. तीन महिन्यांत दहा अहवालांविषयी कुणी अवाक्षर काढले नाही. अकराव्यासाठी मात्र दुसऱ्याच महिन्यात दूरध्वनी आला. एका लहानशा शाखेतला कारकून विचारत होता, "ताई, तो तक्ता आला नाही. आमच्या गोदामातला माल किती मागवायचा ते मी त्याच्यावरूनच ठरवतो." मुलीने हे मला सांगितले, तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. "पप्पा, एक तरी माणूस होता," ती म्हणाली.

मला माझे चौदा शाखांचे आढावे आठवले. एक कपाट मी पाहिले होते. उरलेली दोन कपाटे पाहण्याचे धैर्य मी केले नव्हते.

त्या दूरध्वनीने तिचा निर्णय बदलला नाही. पण तिचा कडवटपणा गेला. दहा अहवाल साहेबाने कायमचे बंद केले. अकरावा कसा काढायचा, हे ती एका सहकाऱ्याला शिकवत आहे. येत्या जूनपासून दोन वर्षांचा बी.एड. अभ्यासक्रम. त्या काळात तिच्या फ्लॅटच्या कर्जाचे हप्ते कोण भरणार, हा प्रश्न होता. माझा भविष्यनिर्वाह निधी बँकेत ठेव म्हणून पडून आहे. त्यातून चोवीस हप्ते जातील, असा हिशेब मी कागदावर मांडून तिच्यापुढे ठेवला.

ती नको म्हणाली. म्हातारपणाचे पैसे आहेत, म्हणाली. मी म्हटले, "अगं, हे पैसे कुणी न वाचलेल्या आढाव्यांचे आहेत. ते वर्गातल्या पोरांच्या कामी येऊ देत."

तिने कागद उचलला आणि सवयीने बेरीज तपासली. सात रुपयांची चूक निघाली. ती मी दुरुस्त केली.